योहान केप्लर: पाळकत्वाकडून ज्योतिःशास्त्राकडे

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो: आता पुढे काय? कोणत्या महाविद्यालयात जावे, कोणती शाखा घ्यावी, कोणत्या पदवीने उदरनिर्वाह चांगला होईल, ह्या विवंचनेत मुलांपेक्षा आईबापांचीच झोप अधिक उडते. एकदा शाखा निवडली की जन्माचे सोने तरी होईल किंवा माती तरी, अशा समजुतीने पुष्कळ कुटुंबे ह्या प्रश्नास हात घालतात. अशा वेळी, ज्याने एक अभ्यासक्रम मनापासून पत्करला, जो त्याच्या समाप्तीच्या अगदी जवळ येऊन पोहोचला, आणि ज्यास तो अपुरा टाकून दुसऱ्याच वाटेने जाणे प्राप्त झाले, अशा एका थोर पुरुषाचे चरित्र विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या दृष्टीस आणावे असे वाटते. तो पुरुष म्हणजे सुप्रसिद्ध जर्मन ज्योतिर्वेत्ता योहान केप्लर होय. ग्रहांच्या गतीविषयीचे त्याचे तीन नियम पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आपले विद्यार्थी पाठ करतात. परंतु ते नियम शोधून काढणाऱ्या मनुष्यास ज्योतिर्वेत्ता व्हावयाचेच नव्हते, ही गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक असते.

केप्लरचा जन्म दक्षिण जर्मनीतील वाइल डेर श्टाट नावाच्या लहानशा गावी 27 डिसेंबर 1571 रोजी झाला. तो दिवस संत योहानाच्या सणाचा. त्यावरून मुलाचे नाव योहान असे ठेवण्यात आले. त्याचा आजा एके काळी त्या गावचा नगराध्यक्ष होता. पण पुढे घराण्यास उतरती कळा लागली. बाप पगारी शिपाई होऊन परमुलखातील लढायांवर जाई, मध्येच घरी येई, पुन्हा नाहीसा होई. योहान सतरा-अठरा वर्षांचा होण्याच्या सुमारास तो जो घर सोडून गेला तो परत आलाच नाही. आई एका खाणावळवाल्याची मुलगी. स्वभावाने तापट, पण झाडपाल्याच्या औषधांची जाणकार. मूल अपुऱ्या दिवसांचे, म्हणून जन्मतःच अशक्त. त्यात चौथ्या वर्षाच्या सुमारास देवीचा आजार होऊन दृष्टी कायमची मंद झाली व हातही अधू झाले. ज्या बालकाच्या डोळ्यांस तारे धड दिसत नसत, त्याच्याच हातून आकाशाचे कोडे सुटावयाचे होते.

त्या बालपणातील दोन आठवणी मात्र केप्लरने आयुष्यभर जपून ठेविल्या. सहा वर्षांचा असता, 1577 साली, आईने त्यास एका उंच जागी नेऊन मोठा धूमकेतू दाखविला. आणि 1580 साली बापाने त्यास घराबाहेर बोलावून चंद्रग्रहण दाखविले. ज्या घरात सुख थोडे व भांडण फार, त्या घरानेही लेकराला एवढी देणगी दिली, हे पालकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

घरची अशी ओढगस्त असता हा मुलगा शिकला कसा? त्याचे उत्तर व्हुर्टेम्बर्गच्या ड्यूकांनी घालून दिलेल्या शिक्षणव्यवस्थेत आहे. धर्मसुधारणेनंतर त्या संस्थानातील जुने मठ बंद झाले. त्या इमारती व त्यांचे उत्पन्न ड्यूकांनी उधळून न टाकता तेथे शाळा काढल्या. गरिबांच्या, पण भक्तिमान व बुद्धिमान मुलांस तेथे फुकट अन्न, वस्त्र व विद्या मिळे. हेतू हा की, संस्थानास सुशिक्षित पाळक, शिक्षक व कारभारी मिळावेत. प्रवेशासाठी परीक्षा असे. आणि प्रवेश मिळालेला विद्यार्थी पुढे ड्यूकाच्या सेवेस बांधलेला असे. योहानचे प्राथमिक लॅटिन शिक्षण शेतातील कामामुळे मधून मधून खंडित झाले होते. तरी तो ही परीक्षा उतरला व 1584 साली आडेलबेर्ग येथील शाळेत आणि 1586 साली माउलब्रोन येथील वरच्या शाळेत दाखल झाला. त्या शाळांची शिस्त कडक होती. पहाटे उठून स्तोत्रे म्हणावयाची, दिवसभर लॅटिन व ग्रीक घोकावयाचे, आपसांत बोलावयाचे तेही लॅटिनमध्येच. सोबत्यांशी योहानचे फारसे जमत नसे. तो एकलकोंडा, वादप्रिय व धर्माच्या बाबतीत फार हळवा होता. निरनिराळ्या पंथांचे उपदेशक एकमेकांची निंदा करीत, ती ऐकून त्याचे कोवळे मन दुःखी होई, आणि खरे काय ते आपण स्वतः पवित्र शास्त्रात पाहावे असे त्यास वाटे. आपण पाळक व्हावे, ही इच्छा त्याच्या ठायी याच वयात दृढ झाली.

सन 1588 मध्ये तो पहिली पदवी परीक्षा उत्तीर्ण झाला आणि 1589 साली ट्युबिंगेनच्या विद्यापीठात राहावयास गेला. हे विद्यापीठ 1477 साली स्थापन झालेले असून त्या काळी लूथरपंथी ईश्वरविज्ञानाचे मोठे माहेरघर होते. ड्यूकाच्या शिष्यवृत्तीवरील विद्यार्थी तेथील वसतिगृहात राहत. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कोणते विद्यापीठ व कोणता अभ्यासक्रम, हा प्रश्न आज जसा आपल्या मुलांपुढे पडतो, तसा तो केप्लरपुढे पडलाच नव्हता. संस्थानाची शिष्यवृत्ती घेतली म्हणजे ट्युबिंगेन ठरलेले, आणि ईश्वरविज्ञानही ठरलेले. त्याच्या सुदैवाने संस्थानाची इच्छा व त्याची स्वतःची इच्छा एकच होती. तो त्या वाटेने जुलमाने गेला नाही, आनंदाने गेला.

परंतु त्या काळच्या विद्यापीठाची एक रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. कोणाही विद्यार्थ्यास एकदम ईश्वरविज्ञान शिकू देत नसत. प्रथम दोन वर्षे कलाशाखेत नीतिशास्त्र, तर्कशास्त्र, वक्तृत्व, ग्रीक, हिब्रू, पदार्थविज्ञान, गणित व ज्योतिःशास्त्र हे विषय शिकावे लागत. भावी पाळकास ग्रहताऱ्यांचे ज्ञान कशास हवे, असा प्रश्न आजच्या व्यवहारी मनुष्यास पडेल. पण ज्या परमेश्वराविषयी पुढे उपदेश करावयाचा, त्याच्या सृष्टीची माहिती उपदेशकास असावी, अशी त्या विद्वानांची धारणा होती. ह्याच वर्गात केप्लरची गाठ मिखाएल मेस्टलिन ह्या गणिताच्या अध्यापकाशी पडली. पृथ्वी स्थिर असून सूर्य व ग्रह तिच्याभोवती फिरतात, हे टॉलेमीचे जुने मत मेस्टलिन वर्गात रीतीप्रमाणे शिकवी; परंतु निवडक शिष्यांस तो कोपर्निकसचे 1543 साली प्रसिद्ध झालेले नवे मत समजावून देई. सूर्य मध्यभागी असून पृथ्वी त्याच्याभोवती फिरते, हा विचार केप्लरच्या मनात तेव्हा जो रुजला तो कायमचाच. विद्यार्थ्यांच्या वादसभांत तो ह्या मताची बाजू घेऊन बोलू लागला. चंद्रावर उभे राहून पाहिले असता आकाश कसे दिसेल, अशा चमत्कारिक विषयावर त्याने 1593 साली एक निबंधही रचला.

11 ऑगस्ट 1591 रोजी त्यास मास्टर ही पदवी मिळाली. त्या तुकडीत तो दुसरा आला. शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवण्याविषयी शिफारस करताना विद्यापीठाच्या मंडळाने त्याच्या असामान्य बुद्धीचा मुद्दाम उल्लेख केला. मग ईश्वरविज्ञानाचा तीन वर्षांचा अभ्यास सुरू झाला. गणितात त्याची गती उत्तम होती. तथापि आपला कल त्या विषयाकडे विशेष आहे असे त्यास मुळीच वाटत नव्हते. जे शिकविले ते नीट शिकलो, एवढेच तो समजे. त्याचे सर्व लक्ष व्यासपीठाकडे लागलेले होते.

आणि मग 1594 सालच्या आरंभी, तिसरे वर्ष संपावयास थोडेच महिने उरले असता, ती गोष्ट घडली. ऑस्ट्रियातील ग्राट्स शहरी प्रॉटेस्टंट लोकांची एक शाळा होती. तेथील गणिताचा शिक्षक मरण पावला होता. त्या जागी योग्य मनुष्य पाठवावा, अशी विनंती तेथील लोकांनी ट्युबिंगेनला केली, आणि विद्यापीठाच्या मंडळाने केप्लरचे नाव सुचविले. केप्लरवर जणू आकाशच कोसळले. पाळकाच्या कामापुढे गणितशिक्षकाची जागा फार हलकी समजली जाई. पगार थोडा, गाव दूर, शहरात कॅथलिक व प्रॉटेस्टंट ह्यांची तेढ. आणि सर्वांत मोठे दुःख हे की, देवाने आपणास ज्या सेवेकरिता बोलाविले असे तो आजवर मानीत आला, ती सेवा दाराशी येऊन हुकत होती.

तो काय करणार? मागे एकदा सोबत्यांना परमुलखात जाण्याची वेळ आली असता ते स्वदेशाच्या मायेने मागेपुढे पाहत होते. तेव्हा आपणास जेथे पाठवितील तेथे आपण निमूटपणे जाऊ, असा निश्चय ह्याने मनाशी केला होता. आता तो निश्चय पाळण्याची पाळी त्याच्यावरच आली. त्याने घरच्या माणसांचा सल्ला घेतला. ज्या गुरूंनी आपणास पाच वर्षे जवळून पाहिले त्यांच्या मताचा मान राखला. तथापि आंधळेपणाने होकार दिला नाही. पुढेमागे परत येऊन पाळकाचा मार्ग धरण्याचा आपला हक्क राखून ठेवावा, अशी अट त्याने घातली. ड्यूकाची परवानगी आली, आणि मार्च 1594 मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ईश्वरविज्ञानाचा अभ्यास अपुरा ठेवून त्याने ट्युबिंगेन सोडले. 11 एप्रिल रोजी तो ग्राट्स येथे पोहोचला.

तेथील आरंभ मोठा उत्साहजनक होता असे नाही. वार्षिक पगार दीडशे गुल्डेन, म्हणजे आधीच्या शिक्षकापेक्षा कमी. पहिल्या वर्षी उच्च गणिताच्या वर्गास मोजकेच विद्यार्थी आले, दुसऱ्या वर्षी एकही आला नाही. शाळेच्या तपासनिसांनी मात्र समंजसपणा दाखविला. गणित हा विषय सर्वांच्या आवाक्यातील नव्हे, तेव्हा दोष शिक्षकाचा नाही, असे त्यांनी ठरविले आणि त्यास अंकगणित, वक्तृत्व व व्हर्जिलचे काव्य शिकवावयास दिले. ट्युबिंगेनमध्ये शिकलेले व्यर्थ गेले नाही, त्याची भाकर त्यावरच निघाली. शिवाय दरसालचे पंचांग तयार करणे हे त्याच्या जागेचे एक काम होते. 1595 सालच्या पंचांगात त्याने कडक थंडी व तुर्कांची स्वारी ही भाकिते घातली, आणि दोन्ही खरी ठरल्यामुळे गावात त्याचा लौकिक वाढला. परंतु तो स्वतः ह्या लौकिकाने फुगला नाही. लोकांच्या आवडीचे फलज्योतिष बहुतांशी पोकळ आहे, हे तो जाणून होता.

19 जुलै 1595 रोजी वर्गात फळ्यावर आकृती काढीत असता त्याच्या मनात एक कल्पना चमकली. त्या काळी ज्ञात ग्रह सहा. आणि ज्यांच्या सर्व बाजू सारख्या अशा घनाकृती पाच. ह्या पाच आकृती एकात एक बसवून परमेश्वराने सहा ग्रहांची अंतरे ठरविली असावीत, असे त्यास वाटले. ती कल्पना चुकीची होती, हे आज आपण जाणतो. पण तिने केप्लरला एक गोष्ट शिकविली: ग्रह किती आहेत, त्यांची अंतरे अमुकच का आहेत, असे प्रश्न विचारता येतात, आणि त्यांची उत्तरे मोजमापाने पडताळून पाहता येतात. त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यात त्याने मेस्टलिन गुरुजींस पत्र लिहिले. त्याचा आशय असा की, आपण पाळक होऊ इच्छीत होतो व पुष्कळ दिवस ह्या पालटामुळे बेचैन होतो. पण आता ज्योतिःशास्त्राच्या द्वारेही देवाचा महिमा कसा प्रकट होतो हे आपणास दिसू लागले आहे. सृष्टी हेही देवाचे एक पुस्तक असून ते वाचणारा मनुष्य त्या पुस्तकाचा सेवकच होय, असे त्याचे मत झाले. ज्या दिवशी हे त्यास उमगले त्या दिवशी त्याची खरी निवड झाली, असे म्हणावयास हरकत नाही. मंडळाने त्यास ग्राट्सला पाठविले होते. ज्योतिःशास्त्र मात्र त्याने आता आपण होऊन पत्करले. त्याचा पहिला मोठा ग्रंथ मेस्टलिनच्या देखरेखीखाली ट्युबिंगेन येथेच छापला गेला. त्यावर 1596 हे साल आहे, आणि त्यात कोपर्निकसच्या मताचे उघड समर्थन आहे.

ह्यापुढील आयुष्य सुखाचे गेले असे कोणी समजू नये. 1598 साली त्या प्रांताचा अधिपती आर्चड्यूक फर्डिनांड ह्याने प्रॉटेस्टंट शिक्षकांस शहर सोडण्याचा हुकूम केला. केप्लरला अपवाद म्हणून परत येऊ दिले. पण 1600 साली कॅथलिक व्हावे अथवा निघून जावे, असा पेच पडला, तेव्हा तो बायकोमुलांसह निघून गेला. त्याने ट्युबिंगेनकडे आशेने पाहिले. परंतु ज्या विद्यापीठाने त्यास घडविले त्याने त्यास अध्यापकाची जागा ना तेव्हा दिली, ना पुढे कधी.

प्राग शहरी सम्राट दुसरा रुडॉल्फ ह्याच्या आश्रयास डेन्मार्कचा थोर वेधज्ञ टायको ब्राहे होता. दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वीच त्याने मोठमोठ्या यंत्रांनी ग्रहताऱ्यांचे इतके सूक्ष्म वेध घेतले होते की, त्यांस तोड नव्हती. केप्लर त्याच्या हाताखाली कामास राहिला. 24 ऑक्टोबर 1601 रोजी टायको मरण पावला, आणि दोनच दिवसांनी केप्लरची सम्राटाचा गणिती म्हणून नेमणूक झाली. टायकोने त्यास मंगळाच्या गतीचा हिशेब सोपविला होता. हे काम आपण आठ दिवसांत करू, अशी पैज केप्लरने उत्साहाच्या भरात मारली. त्यास लागली पाचांहून अधिक वर्षे.

येथे त्याच्या प्रामाणिकपणाची कसोटी लागली. वर्तुळाकार मार्ग धरून त्याने जे गणित बसविले ते टायकोच्या वेधांशी जवळजवळ जुळले. एके ठिकाणी मात्र आठ कलांचा फरक राहिला. आठ कला म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीचा सुमारे चौथा हिस्सा. दुसरा कोणी असता तर एवढ्याशा फरकाकडे डोळेझाक करून मोकळा झाला असता. पण टायकोचे वेध इतके चुकणे शक्य नाही, हे केप्लरला ठाऊक होते. तेव्हा चूक आपल्याच समजुतीत असली पाहिजे, असे म्हणून त्याने कित्येक महिन्यांची मेहनत टाकून दिली व पुन्हा आरंभ केला. अखेर त्यास कळून आले की, मंगळाचा मार्ग वर्तुळ नसून दीर्घवर्तुळ आहे व त्याच्या एका नाभीपाशी सूर्य आहे. आणि ग्रह सूर्याजवळ असता जलद व दूर असता सावकाश चालतो, तो असा की, त्यास सूर्याशी जोडणारी रेषा सारख्या वेळात सारखेच क्षेत्र आक्रमिते. दोन हजार वर्षे विद्वानांनी पवित्र मानलेले वर्तुळ ह्या गणितशिक्षकाने आठ कलांसाठी मोडले. हे दोन नियम 1609 साली प्रसिद्ध झाले. ग्रहाच्या प्रदक्षिणाकालाचा वर्ग त्याच्या सूर्यापासूनच्या मध्यम अंतराच्या घनाशी प्रमाणात असतो, हा तिसरा नियम त्यास 1618 च्या मे महिन्यात सापडला व 1619 साली छापला गेला. मध्यंतरी, 1604 साली, त्याने प्रकाशावर एक ग्रंथ लिहून डोळ्यात प्रतिमा कशी पडते व चष्म्याने अधू दृष्टीस मदत कशी होते हे समजावून दिले. देवीच्या आजाराने ज्याचे डोळे बिघडले त्यानेच डोळ्याचे कार्य उलगडून दाखविले!

ह्याच वर्षांत संकटांनीही त्याची पाठ सोडली नाही. 1611 साली त्याचा लाडका मुलगा देवीने गेला व पत्नीही निवर्तली. 1612 साली तो लिंझ येथे आला, तेथे त्यास सर्वांत जिव्हारी लागणारे दुःख भोगावे लागले. प्रभुभोजनाविषयीच्या एका सिद्धांताबाबत त्याचे मत लूथरपंथी मंडळीच्या ठरावाशी पूर्णपणे जुळत नव्हते. ते त्याने लपविले नाही, म्हणून तेथील पाळकाने त्यास प्रभुभोजन देण्याचे नाकारले. आणि वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांनीही तोच निर्णय कायम ठेविला. जो तरुणपणी स्वतः भाकर व द्राक्षारस लोकांस वाटू इच्छीत होता, त्यासच मेजापासून दूर ठेवण्यात आले. ग्राट्सला निघताना राखून ठेवलेला परतीचा हक्क अशा रीतीने कायमचा बुडाला. कॅथलिकांनी त्यास प्रॉटेस्टंट म्हणून घालविले, स्वकीयांनी पुरता लूथरपंथी नव्हे म्हणून दूर लोटले. तरी त्याने ना लाभासाठी पंथ बदलला, ना द्वेषाचे उत्तर द्वेषाने दिले.

त्याची म्हातारी आई चेटकीण आहे, असा आरोप 1615 साली लेओनबेर्ग गावी उठला व 1620 साली तिला कैद झाली. त्या काळी अशा आरोपाचा शेवट बहुधा चितेवर होई. केप्लर आपले काम टाकून दूरच्या गावाहून धावत आला. साक्षीदारांच्या जबान्यांतील विसंगती त्याने एकेक करून दाखविली, आजारांची नैसर्गिक कारणे मांडली आणि मोठे लेखी समर्थन तयार केले. चौदा महिन्यांच्या बंदिवासानंतर, ऑक्टोबर 1621 मध्ये, आई सुटली. ट्युबिंगेन येथे पाळक होण्याकरिता शिकलेले तर्कशास्त्र व वक्तृत्व येथे आईचे प्राण वाचविण्याच्या कामी आले. कोणते शिक्षण केव्हा उपयोगी पडेल हे शिकणाऱ्यास शिकताना सांगता येत नाही, त्याचे ह्याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

ग्रहांची स्थाने काढण्याची कोष्टके त्याने 1627 साली उल्म येथे छापून पुरी केली. सम्राटांच्या खजिन्यातून येणे असलेला पगार मात्र कधीच पुरता हाती आला नाही. पैशांच्या त्या खटपटीत असता रेगेन्सबुर्ग येथे तापाने आजारी पडून 15 नोव्हेंबर 1630 रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षाच्या अखेरीस, तो देवाघरी गेला. त्याची कबरही तीस वर्षांच्या युद्धात नष्ट झाली. परंतु पुढल्याच वर्षी, 7 नोव्हेंबर 1631 रोजी, पॅरिस येथे गॅसेंडी नावाच्या विद्वानाने बुधाचा काळा ठिपका सूर्यबिंबावरून सरकताना पाहिला. ते अधिक्रमण त्या दिवशी होईल असे केप्लरने आधीच लिहून ठेविले होते. न्यूटनने 1687 साली गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, त्यास केप्लरच्या नियमांचा आधार होता. आणि आपल्या काळात, 2009 ते 2018 पर्यंत, त्याचे नाव दिलेल्या अवकाशातील दुर्बिणीने दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणारे 2,600 हून अधिक ग्रह शोधून काढले.

आता ह्या चरित्रातून आपण काय घ्यावे? निवड करण्याची गरज नाही, जो येईल तो प्रवाह धरावा, असा अर्थ कोणी काढू नये. केप्लरला ग्राट्सला धाडणारे लोक बाजारभाव पाहून सल्ला देणारे नव्हते; त्यांनी पाच वर्षे त्याची वही तपासली होती, त्याचे वाद ऐकले होते. स्वतःविषयी त्याचे जे मत होते त्याहून त्यांचे मत अधिक बरोबर निघाले. म्हणून विद्यार्थ्यांनो, शाखा निवडताना शेजारच्या मुलाने काय घेतले हे विचारण्यापेक्षा, ज्या शिक्षकांनी तुमचे काम जवळून पाहिले आहे त्यांस विचारा. आणि त्यांचे मत तुमच्या आवडीच्या विरुद्ध पडले तरी रागावू नका, त्याचा विचार करा. विषय हातात आला की तो मनापासून शिका, मग तो तुमच्या मुख्य वाटेवरील असो वा नसो. ज्या दोन वर्षांस तुम्ही केवळ पायरी समजता, तीच कदाचित तुमचे घर ठरेल.

पालकांस एवढीच विनंती की, मुलाने आरंभिलेला अभ्यासक्रम बदलला, अथवा त्याला हवी ती जागा हुकली, तर घरात सुतक धरू नये. केप्लरचे नुकसान झालेच नाही असे नाही. त्याचे व्यासपीठ गेले, आणि त्याची हळहळ त्यास शेवटपर्यंत होती. पण देवाची सेवा एका व्यासपीठावरच होते असे नाही, हे त्यास ग्राट्सच्या रिकाम्या वर्गात कळले, आणि त्या ज्ञानाने त्याचे उरलेले आयुष्य उजळले. कोणत्या विद्यापीठाचे नाव पदवीपत्रावर आहे ह्यापेक्षा, जे काम हाती आले ते आठ कलांचीही चूक न खपविता आपण करतो की नाही, हे आपल्या मुलांनी स्वतःस विचारावे, आणि त्यांस तशी सवय लावण्याची बुद्धी परमेश्वर आपणा सर्वांस देवो.